मोजणाऱ्यांचे स्वभाव

व्यक्तिमत्त्वाचे सिद्धांत शिकवणाऱ्या प्रत्येक प्राध्यापकाकडे एक हुकमी किस्सा असतो. दुपारच्या तासाला वर्ग पेंगायला लागला की तो बाहेर निघतो. माझ्याही पिढीतल्या प्राध्यापकांनी तो इतक्या वेळा सांगितला की विद्यार्थ्यांना सिद्धांत विसरला तरी किस्सा आठवत असे, आणि परीक्षेत ते तोच लिहून येत.

साल १९२०. गॉर्डन ऑलपोर्ट नावाचा बावीस वर्षांचा अमेरिकन तरुण कॉन्स्टँटिनोपलच्या रॉबर्ट कॉलेजात वर्षभर शिकवून घरी परतत होता. वाटेत व्हिएन्नाला भाऊ राहत होता, म्हणून तिथे थांबला. तिथे आल्यावर या पठ्ठ्यानं थेट सिग्मंड फ्रॉइडला चिठ्ठी पाठवली: मी इथं आलोय, भेटायला आवडेल. फ्रॉइडनं स्वतःच्या हातानं उत्तर लिहून वेळ दिली. ऑलपोर्ट ठरलेल्या वेळी गेला. फ्रॉइडनं त्याला आत नेलं, बसवलं, आणि मग एक अक्षर न बोलता समोर बसून राहिला.

मनोविश्लेषकाची ही नेहमीची रीत. रुग्ण सुरुवात करतो, डॉक्टर नाही. पण ऑलपोर्ट काही रुग्ण म्हणून आला नव्हता. शांतता असह्य झाल्यावर त्याला तोंड उघडणं भाग पडलं, आणि येताना ट्राममध्ये पाहिलेला प्रसंग त्यानं सांगून टाकला. चारेक वर्षांचा एक मुलगा. त्याला घाणीची विलक्षण किळस. इथं बसायचं नाही, तो घाणेरडा माणूस माझ्याशेजारी नको, असं सारखं चाललेलं. शेजारी त्याची आई, कडक इस्त्रीतली, ताठ, हुकूम सोडणारी. घाणीची भीती आली कुठून हे आईकडे बघून कुणालाही कळलं असतं. ऑलपोर्टला वाटलं, मोठ्या माणसापुढे निरीक्षण बरं मांडलं आपण.

फ्रॉइडनं मायेनं त्याच्याकडे पाहिलं आणि विचारलं, तो मुलगा म्हणजे तूच का?

ऑलपोर्टची बोबडी वळली. विषय बदलून त्यानं कसंबसं निभावलं. ही हकिकत त्यानंच पुढे आत्मचरित्रपर लेखात नोंदवली आहे, आणि त्यातून आपण काय शिकलो तेही: खोल बुडी मारणारं मानसशास्त्र कधी कधी फारच खोल जातं, आणि पाण्यावर जे उघड तरंगतंय ते त्याला दिसत नाही. माणसाचा हेतू काय हे ठरवण्याआधी त्याला सरळ विचारून तर बघा.

वर्गात किस्सा इथे संपतो आणि सगळे ऑलपोर्टच्या बाजूचे होतात. पण पुढे काही अभ्यासकांनी फ्रॉइडचीही बाजू घेतली. व्हिएन्नासारख्या शहरात बघण्यासारखं इतकं काही असताना या तरुणाला सांगायला नेमका घाणीचाच प्रसंग का सुचला? ऑलपोर्टचे वडील डॉक्टर होते, दवाखाना घरातच, आई पूर्वी शाळेत शिकवणारी. कष्ट आणि धर्म यांवर चालणारं शिस्तीचं घर. मला विचाराल तर फ्रॉइडचा प्रश्न उद्धट होता, पण निरर्थक नव्हता. माणूस दुसऱ्याची गोष्ट म्हणून जी सांगतो, तिच्यात तो स्वतः किती असतो? पुढची पन्नास वर्षं या शास्त्रातली निम्मी भांडणं याच एका प्रश्नावर झाली. आणि गंमत म्हणजे त्या भांडणाचे दोन मुख्य पक्ष एकाच विद्यापीठात नांदत होते.

पण त्याआधी दुसरी एक शांतता, व्हिएन्नापेक्षा वाईट. १९२२ मध्ये ऑलपोर्ट हार्वर्डला डॉक्टरेट संपवत होता. प्रबंधाचा विषय: व्यक्तिमत्त्वाचे गुणविशेष. त्या काळी अमेरिकेत हा विषय प्रयोगशाळेत घेण्याजोगा मानलाच जात नव्हता. क्लार्क विद्यापीठात प्रायोगिक मानसशास्त्रज्ञांची बैठक भरली होती. तिचे सर्वेसर्वा एडवर्ड टिचनर. दोन दिवस संवेदनांवर चर्चा झाली. मग टिचनरसाहेबांनी उदार होऊन प्रत्येक विद्यार्थ्याला तीन मिनिटं दिली. ऑलपोर्टनं आपला विषय सांगितला. सभागृहात कुणी खाकरलंसुद्धा नाही. टिचनरनं नुसतं रोखून पाहिलं. नंतर त्यानं ऑलपोर्टचे मार्गदर्शक लँगफेल्ड यांना गाठून विचारलं, तुम्ही या पोराला असल्या विषयावर काम करूच कसं दिलंत? लँगफेल्ड मात्र शहाणा माणूस. परतल्यावर त्यानं शिष्याला एवढंच सांगितलं की टिचनरला काय वाटतं याची फिकीर तुला करायची गरज नाही. ऑलपोर्टनं केली नाही. १९३७ मध्ये त्याचा व्यक्तिमत्त्वावरचा ग्रंथ आला आणि या विषयाला विद्यापीठात हक्काची खोली मिळाली.

आता दुसरा पक्ष. हेन्री मरे. न्यूयॉर्कच्या श्रीमंत घरातला, शिक्षणानं डॉक्टर, शिवाय केंब्रिजची जीवरसायनशास्त्रातली पीएचडी. मानसशास्त्राची पदवी नावालाही नाही. १९२५ मध्ये हा झुरिकला कार्ल युंगला भेटला आणि झपाटून परतला. हार्वर्डनं त्याच्या हाती मानसशास्त्रीय चिकित्सालय सोपवलं. तिथे त्याच्यासोबत ख्रिस्तियाना मॉर्गन काम करत होत्या: चित्रकार, युंगकडे विश्लेषण घेतलेल्या, आणि मरेच्या आयुष्यभराच्या प्रेयसी. दोघंही विवाहित, दोघांचे संसार वेगळे. या नात्यावर पुस्तकं लिहिली गेली आहेत. इथं त्यांनी मिळून काढलेल्या चाचणीपुरतं बघू.

चाचणीची कल्पना मात्र दोघांचीही नव्हती. सेसिलिया रॉबर्ट्स नावाची एक विद्यार्थिनी होती, मुलं असलेली. तिचा मुलगा आजारी पडून घरी होता, आणि मासिकांतली चित्रं बघून त्यांवर गोष्टी रचत दिवस काढत होता. तिनं मरेला सहज विचारलं, चिकित्सालयात अशी चित्रं वापरता येतील का? त्यातून १९३५ मध्ये आली थिमॅटिक ॲपरसेप्शन टेस्ट, सगळ्या जगाची टीएटी. समोर एक धूसर चित्र ठेवायचं आणि म्हणायचं, गोष्ट सांगा: काय चाललंय, आधी काय झालं, पुढे काय होईल. माणूस चित्रातल्या माणसाबद्दल बोलतो आणि आपल्याबद्दल सांगून जातो. म्हणजे फ्रॉइडनं ट्रामच्या गोष्टीला जो प्रश्न विचारला, तोच इथं पद्धतशीर, तीस-एक चित्रांच्या संचात बांधून ठेवला.

पहिल्या चित्रात एक मुलगा टेबलावरच्या व्हायोलिनकडे बघत बसला आहे. ते मॉर्गनबाईंनी काढलं, लहानग्या येहुदी मेन्युहिनच्या एका छायाचित्रावरून. हाच मेन्युहिन १९५२ मध्ये मुंबईत आला, थकलेला, पुण्याचे योगशिक्षक बी. के. एस. अय्यंगार यांना त्यानं पाच मिनिटं दिली आणि त्यांच्या हाताखाली तासभर गाढ झोपला. पुढे त्याच्याचमुळे अय्यंगार युरोपात पोचले. जगभरचे लाखो लोक त्या चित्रातल्या मुलाला कधी बापाच्या धाकात, कधी कीर्तीच्या स्वप्नात बसवतात. त्यांतल्या फार थोड्यांना माहीत असतं की तो मुलगा खरोखरच जगप्रसिद्ध वादक झाला.

१९३५ च्या पहिल्या लेखावर मॉर्गनबाईंचं नाव मरेच्याही आधी होतं. १९४३ मध्ये हार्वर्डनं चाचणी रीतसर छापली तेव्हा लेखक म्हणून मरे आणि चिकित्सालयाचा कर्मचारीवर्ग एवढंच उरलं. पाठ्यपुस्तकं आजही मरेची टीएटी म्हणतात. माझ्या मते ही या शास्त्राच्या इतिहासातली सरळसरळ लबाडी आहे, मग तिची कारणं कुणी कितीही नाजूक सांगोत.

आपल्याकडच्या लष्करात अधिकारी व्हायला गेलेल्या कुठल्याही पोराला टीएटी समजावून सांगावी लागत नाही. भोपाळ असो की बेंगळुरू, एसएसबी या निवड मंडळात दुसऱ्या दिवशी पडद्यावर चित्र येतं: अर्धा मिनिट बघायचं, चार मिनिटांत गोष्ट लिहायची. अशी बारा, आणि शेवटचं कोरं. कोरं चित्र ही मरेच्याच संचातली युक्ती. त्यावरचे क्लासही आता गल्लोगल्ली आहेत. चित्रात काहीही असो, नायक संघटना उभारतो, गावाला पाणी आणतो, शेवटी सगळे टाळ्या वाजवतात. चित्रात बाई खिडकीशी रडत बसलेली असली तरी गावाला पाणी येतंच. तपासणाऱ्या मानसशास्त्रज्ञांच्या सहनशक्तीची चाचणी कुणी घेत असेल तर तीत सगळे उत्तम गुणांनी पास होत असावेत.

सैन्य आणि स्वभाव यांचं लग्न लावण्यातही मरेचा हात होता. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या गुप्तहेर खात्याला परदेशी पाठवायला माणसं हवी होती. ब्रिटिशांनी अधिकारी निवडायला जी मंडळं काढली होती, तिथून धडा घेऊन मरे आणि सहकाऱ्यांनी व्हर्जिनियातल्या एका शेतघरात केंद्र उघडलं. (आपली एसएसबीही त्याच ब्रिटिश घराण्यातली, म्हणजे नात्यानं चुलत भावंडं.) उमेदवार खोट्या नावानं यायचे, आणि खरं नाव कुणाला सांगायचं नाही हीही परीक्षाच. सगळ्यांत गाजला तो लाकडी सांगाड्याचा प्रयोग. मोठाले दांडे आणि ठोकळे जोडून दहा मिनिटांत आराखड्याप्रमाणे सांगाडा उभारायचा; हाताखाली दोन मदतनीस, किपी आणि बस्टर. उमेदवारानं फक्त हुकूम द्यायचे. किपी मख्ख, सांगितल्याशिवाय बोट हलवणार नाही, आणि सांगितल्यावर चुकीचं हलवेल. बस्टर आगाऊ; नको त्या सूचना, टोमणे, वर उमेदवाराचीच खिल्ली. दोघंही अर्थातच केंद्राचे कर्मचारी, मदत होऊ नये म्हणूनच नेमलेले. दहा मिनिटांत तो सांगाडा कुणालाच उभा करता आला नाही. बघायचं होतं ते एवढंच, की माणूस कितव्या मिनिटाला भडकतो आणि भडकल्यावर काय करतो.

मरेचा सारा खाक्या हाच: माणसाला बेसावध गाठा. ऑलपोर्टचा उलट: माणसावर विश्वास ठेवा. आता कुणालाही वाटेल की हे दोघं एकमेकांचं तोंड बघत नसतील. १९३६ च्या सुमारास मरेच्या कायम नेमणुकीचा प्रश्न हार्वर्डपुढे आला. मेंदूवर संशोधन करणारा कार्ल लॅशली ठामपणे विरोधात गेला; मरेचं काम त्याला विज्ञानच वाटत नव्हतं. मरेसाठी भांडायला उभा राहिला तो ऑलपोर्ट. ज्या पद्धतीवर त्याचा विश्वास नव्हता, तिच्यासाठी. शेवटी तडजोड होऊन मरेला पाच पाच वर्षांच्या मुदती मिळाल्या. टिचनरच्या सभेतली ती शांतता ऑलपोर्टला आठवली असेल का, हा माझा तर्क. पण तो मला सोडवत नाही.

मतभेद मात्र त्यानं सोडले नाहीत. १९५३ च्या एका लेखात त्यानं एक जबरदस्त पुरावा पुढे केला. महायुद्धाच्या अखेरीस मिनेसोटा विद्यापीठात ॲन्सेल कीज यांनी उपासमारीचा प्रयोग केला होता. लढायला तत्त्वतः नकार दिलेले छत्तीस तरुण स्वेच्छेनं सहा महिने अर्धपोटी राहिले. उपासमार झालेल्या युरोपला पुन्हा खाऊ कसं घालायचं ते शोधायला. त्यांचं वजन सुमारे पाव हिश्शानं उतरलं. ही मुलं ताटं चाटत. पाककृतींची पुस्तकं वाचत, जमवत. डोक्यात अन्नाशिवाय काही नाही. हे सगळं त्यांनी विचारल्यावर सरळ सांगितलं. आणि शाईच्या डागांसारख्या आडवळणाच्या चाचण्यांत? तिथे भुकेचा जवळजवळ मागमूस नव्हता. मनातली सगळ्यांत मोठी गोष्ट, जी माणूस ओरडून सांगतोय, तीच या चाचण्यांच्या जाळ्यातून निसटली. ऑलपोर्टचं म्हणणं साधं होतं: निरोगी माणसाला विश्वासाचा हक्क आहे. आडून विचारा हवं तर, पण आधी समोरून विचारा.

शाईच्या डागांचा विषय निघालाच आहे म्हणून. हर्मान रोर्शाक हा स्वित्झर्लंडमधल्या हेरिसाउच्या मनोरुग्णालयातला डॉक्टर, चित्रकलाशिक्षकाचा मुलगा. शाळेत त्याचं टोपणनावच ‘डाग’ असं होतं. १९२१ मध्ये त्याच्या डागांच्या चाचणीला प्रकाशक कसाबसा मिळाला, तोही सगळी चित्रं छापायला तयार नाही, म्हणून दहा. छापखान्यात चित्रं लहान झाली, रंग बदलले, आणि मुळात एकसारख्या असलेल्या काळ्या भागांत फिक्या-गडद छटा उतरल्या. दुसरा कुणी असता तर छापखान्यात जाऊन भांडला असता. रोर्शाकला त्या छटांतच नव्या शक्यता दिसल्या. पण पुढच्या एप्रिलमध्ये अपेंडिक्स फुटून तो सदतिसाव्या वर्षी गेला. आज जगभर त्या छटांवरून जे अर्थ काढले जातात, त्यांचा पाया छापखान्याच्या गफलतीत आहे.

ऑलपोर्टच्या बाजूलाही धक्का बसायचा होता, आणि तो एका वर्गातून आला. १९४८ मध्ये बर्ट्रम फोरर यांनी लॉस एंजेलिसमध्ये आपल्या ३९ विद्यार्थ्यांची व्यक्तिमत्त्व चाचणी घेतली, आणि आठवड्यानं प्रत्येकाला त्याचं खास वर्णन हाती दिलं. किती अचूक आहे याला पाचपैकी गुण द्या, म्हणाले. सरासरी आली ४.२६. मग कळलं की सगळ्यांना एकच मजकूर मिळाला होता, आणि तो फोररनी बराचसा रस्त्यावर मिळणाऱ्या ज्योतिषाच्या पुस्तकातून जुळवला होता. तुमच्यात वापरलं न गेलेलं बरंच सामर्थ्य आहे, या थाटाचं. पेपरातलं राशिभविष्य वाचून ‘अगदी बरोबर’ म्हणणाऱ्या आपल्या मंडळींना यात नवल वाटणार नाही. स्वतःबद्दल माणूस खरं सांगत असेलही, पण स्वतःबद्दल सांगितलेलं काहीही त्याला खरं वाटतं, ही पंचाईत.

तिसरी एक वाट होती, आणि तिचं पहिलं पाऊल फ्रान्सिस गाल्टननं १८८४ मध्येच टाकलं होतं. हा गृहस्थ काहीही मोजायचा. ओढा असलेली दोन माणसं जेवणाच्या टेबलाशी शेजारी बसली तर एकमेकांकडे झुकतात, तेव्हा खुर्च्यांच्या पायांखाली दाबमापक बसवून तो झुकाव मोजता येईल असं त्यानं त्या वर्षीच्या लेखात गंभीरपणे सुचवलं. त्याच लेखात त्यानं एका शब्दकोशात स्वभावाचे हजारेक शब्द असल्याचं नोंदवलं. १९३६ मध्ये ऑलपोर्ट आणि हेन्री ऑडबर्ट यांनी वेबस्टरचा अख्खा कोश चाळून माणसाला लावता येणारे १७,९५३ शब्द काढले. त्यांतले ४,५०४ कायमच्या स्वभावाचे. कोश चाळण्याच्या कामाला इतक्या कंटाळवाण्या चिकाटीची गरज असते की मला त्यातही ऑलपोर्टच दिसतो. पण यादी करून तो थांबला. आकडेवारीनं माणसाचे तुकडे करणं त्याला मान्य नव्हतं. आपण म्हणतो तशा व्यक्ती तितक्या प्रकृती, हे त्याचं मत. १९६५ मध्ये त्यानं जेनी या टोपणनावाच्या एका एकाकी, भांडखोर आईची ३०१ पत्रं छापली. छत्तीस जणांकडून तिच्या स्वभावासाठी १९८ शब्द गोळा केले. ती पत्रं तिच्या मुलाच्या कॉलेजातल्या खोलीसोबत्याला, ग्लेन नावाच्या तरुणाला लिहिलेली. ऑलपोर्ट वारल्यावर बऱ्याच वर्षांनी अभ्यासकांनी दाखवलं की ग्लेन म्हणजे स्वतः ऑलपोर्ट. सरळ विचारा म्हणणारा माणूस स्वतःच्या पुस्तकात नाव बदलून बसला होता.

यादी मात्र दुसऱ्यांच्या हाती गेली. ऑलपोर्टनंच हार्वर्डला बोलावलेल्या रेमंड कॅटेलनं साडेचार हजारांचे गट पाडत पाडत पस्तीसांवर आणले आणि त्यांतून सोळा घटक काढले, बहुतेक हातानं आकडेमोड करून. सोळांवर तो अडून बसला तो कायमचा. मग टेक्ससमधल्या लॅकलँड हवाई तळावर अर्नेस्ट ट्यूप्स आणि रेमंड क्रिस्टल या दोघांनी जे केलं ते आपल्याकडे स्थळाची चौकशी करताना पूर्वापार करतात: मुलाला विचारायचं नाही, शेजाऱ्यापाजाऱ्यांना विचारायचं. त्यांनी सोबत राहणाऱ्यांनी एकमेकांना दिलेले गुण घेतले, कॅटेलचे पस्तीस निकष लावले, जुनी आकडेवारीही पुन्हा तपासली. आठ वेगवेगळ्या गटांत तेच पाच घटक परत परत आले. सहावा कुठेच नाही. १९६१ मध्ये त्यांनी हे हवाई दलाच्या तांत्रिक अहवालात छापलं, आणि हवाई दलाचे तांत्रिक अहवाल विद्यापीठात कोण वाचतो? मिशिगनच्या वॉरन नॉर्मननं वाचला, म्हणून धागा तुटला नाही. लुइस गोल्डबर्गनं १९८१ मध्ये ‘बिग फाइव्ह’ हे नाव दिलं आणि मग ते पाच घटक जगभर झाले. १९९२ मध्ये ‘जर्नल ऑफ पर्सनॅलिटी’नं तो एकतीस वर्षांपूर्वीचा अहवाल पुन्हा छापला.

त्या पाच घटकांवरची कोस्टा आणि मॅक्रे यांची चाचणी आता सर्रास वापरली जाते. तिचे दोन फॉर्म मिळतात: एक स्वतःनं भरायचा, दुसरा आपल्याला ओळखणाऱ्यानं, बहुतेक वेळा नवऱ्यानं किंवा बायकोनं. दोन्हींची उत्तरं बऱ्यापैकी जुळतात. जिथे जुळत नाहीत तिथे कुणाचं धरायचं, याचा निर्णय चाचणी देत नाही, आणि घरातही सहसा लागत नाही.